तुमचा रस्ता कुठल्या वर्गात?

"तुझी पीएचडी नक्की कशावर चाललीय?" हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात विचारला जातो. "नकाशांच्या इतिहासावर" असं सांगितलं की समोरचा माणूस "अरे वा!" म्हणतो आणि जिलबीकडे वळतो. माझ्या मामाने मात्र तसं केलं नाही. तो म्हणाला, "मग आपल्या वस्तीच्या रस्त्याचा नंबर सांग बघू."

माझं आजोळ बार्शी तालुक्यात. मामाची वस्ती गावापासून लांब, रानात. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत अंतर जेमतेम दीड किलोमीटर, पण काळी जमीन. पावसाळ्यात दुधाची गाडी फाट्यावरच थांबते आणि कॅन मोटरसायकलला बांधून चिखलातून न्यावे लागतात. कधी मोटरसायकलही रुतते. मामाने खडीकरणासाठी अर्ज केला. कार्यालयात (कुठलं ते राहू दे) पहिला प्रश्न आला, "रस्ता क्रमांक काय?" मामाकडे क्रमांक नव्हता. मग उत्तर मिळालं, "क्रमांक नसेल तर आमच्या लेखी तो रस्ता नाही."

"अगं, आजोबांपासून आम्ही ज्याच्यावरनं चालतोय, तो रस्ताच नाही म्हणतात!" मामा मला म्हणाला. मलाही हा प्रश्न सोडवेना. मी त्या दीड किलोमीटरचा तीन नकाशांमध्ये शोध घेतला. पहिल्या नकाशात तो पायमार्ग निघाला, दुसऱ्यात गाडीवाट, आणि तिसऱ्यात काहीच नाही. रान तेच, वाट तीच, तरी उत्तरं तीन. असं का, ते आज सांगते.

गाव नकाशा: साखळीने मोजलेली वाट

तलाठ्याकडे असतो तो गाव नकाशा. त्याचं मूळ ब्रिटिशांनी मुंबई इलाख्यात केलेल्या महसुली मोजणीत आहे. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून या पद्धतीची सुरुवात केली आणि पुढे ती इलाखाभर पसरली. मोजणीचं साधन होतं ३३ फुटांची साखळी. तिचे १६ आणे. आपला गुंठा म्हणजे एक साखळी गुणिले एक साखळी, म्हणून तो १,०८९ चौरस फुटांचा. एकराच्या चाळीस गुंठ्यांचा हिशोब आपण अजून याच साखळीने करतो.

या नकाशाला रस्त्यांमध्ये फारसा रस नाही. त्याला रस शेतसाऱ्यात. कुठल्या गटाची किती जमीन, हे ठरवायचं तर वाटेखाली गेलेली जमीन वजा करायला हवी. म्हणून रस्त्यांचे प्रकार रुंदीवर पडले. गावाच्या शिवेवरचा रस्ता ३० ते ३३ फूट, गाडीमार्ग त्याहून अरुंद, आणि पायमार्ग सव्वाआठ फूट. सव्वाआठ हा आकडा विचित्र वाटतो, पण तो म्हणजे पाव साखळी. नकाशावर गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवतात आणि पायमार्ग एका तुटक रेषेने.

शेतावर जाण्याच्या कित्येक वाटा तर नकाशावर मुळीच नसतात. त्यांच्यासाठी जमीन महसूल संहितेत वेगळी नोंदवही सांगितली आहे, वाजिब-उल-अर्ज. वाटेचे, पाण्याचे वहिवाटीचे हक्क तिच्यात लिहायचे. म्हणजे वाट रेषेने नाही, तर वाक्यांनी टिकवायची!

मामाची वाट इथे एका तुटक रेषेत सापडली. पायमार्ग. सव्वाआठ फूट.

टोपोशीट: चाक जाईल का?

दुसरा नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा. शाळेत भूगोलाच्या तासाला आपण सांकेतिक खुणा पाठ केल्या, त्या याच नकाशांच्या. हा विभाग १७६७ पासूनचा आणि दीर्घकाळ लष्करी अधिकाऱ्यांच्या हातातला. १९०५ च्या समितीनंतर एक इंचाला एक मैल या प्रमाणाची रंगीत पत्रकं काढण्याचं काम हाती घेतलं गेलं. स्वातंत्र्यानंतर मेट्रिक पद्धत आली आणि प्रमाण १:५०,००० झालं.

या पत्रकाच्या तळाशी खुणांची यादी असते. त्यात रस्त्यांची उतरंड अशी: मेटल्ड म्हणजे खडी दाबलेला रस्ता, अनमेटल्ड म्हणजे कच्चा, मग गाडीवाट, मग लादलेली जनावरं जातील अशी वाट, आणि शेवटी पायवाट. मेटल्ड रस्तेही महत्त्वाप्रमाणे जाड-बारीक काढायचे. पायवाटेच्या खुणेत तर पूलही दाखवलेला असतो.

ही उतरंड वाचताना लक्षात येतं की विचारणारा माणूस प्रवासी आहे, आणि बहुधा सोबत सामान आणि माणसं घेऊन निघालेला आहे. इथून चाक जाईल का? चाक नाही तर खेचर? खेचरही नाही तर निदान माणूस? रस्ता कोणाच्या मालकीचा, दुरुस्ती कोण करणार, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वर्गीकरण सगळं पायाखालच्या पृष्ठभागावर.

सर्वेक्षण करणारा माणूस आमच्या रानात आला तेव्हा त्याला बैलगाडीच्या चाकोऱ्या दिसल्या असणार. त्याने तुटक लाल रेषा काढली. गाडीवाट. महसुलाच्या हिशोबात जो पायमार्ग, तो इथे एक पायरी वर चढला, कारण इथे प्रश्नच वेगळा विचारला होता.

नागपूर, १९४३: पैसे कोण देणार?

तिसरा नकाशा सगळ्यात ताकदवान, कारण त्याच्या मागे बजेट आहे. याची गोष्ट जरा मागून सांगावी लागेल.

१९१९ च्या सुधारणांनंतर रस्ते हा प्रांतांचा विषय झाला आणि प्रांतांनी बराचसा भार स्थानिक मंडळांवर टाकला. त्याच काळात मोटारी वाढल्या. बैलगाडीसाठी केलेले रस्ते मोटारींनी खराब होऊ लागले आणि दुरुस्तीला मंडळांकडे पैसा नव्हता. १९२७ मध्ये सरकारने एक समिती नेमली. अध्यक्ष मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, म्हणजे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. समितीने १९२८ मध्ये सांगितलं की रस्ते आता प्रांतांच्या आणि स्थानिक मंडळांच्या आवाक्यातले राहिलेले नाहीत, पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवा. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था निघाली.

आता निधी म्हटला की पुढचा प्रश्न आलाच. कुठल्या रस्त्याला किती? याचं उत्तर द्यायला डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. बाहेर महायुद्ध चालू होतं. तिथे २० वर्षांचा आराखडा ठरला आणि रस्त्यांचे वर्ग ठरले: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक (नंतर राज्य) महामार्ग, जिल्हा मार्ग (प्रमुख आणि इतर), आणि ग्रामीण मार्ग. लक्ष्य होतं दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता. शेती चांगली असलेल्या भागात कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब राहू नये, असाही हिशोब होता.

या यादीत खडी, मुरूम, चाक, खेचर असं काहीच नाही. रस्ता कसा दिसतो हा प्रश्न मागे पडला. रस्ता कशाला कशाशी जोडतो आणि म्हणून त्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न पुढे आला. राजधान्या आणि बंदरं जोडणारा तो राष्ट्रीय, त्याचा खर्च केंद्राचा. जिल्ह्याची ठिकाणं जोडणारा तो राज्याचा. बाजारपेठेला उत्पादनाच्या भागाशी जोडणारा तो जिल्ह्याचा. १ एप्रिल १९४७ पासून केंद्राने राष्ट्रीय महामार्गांची जबाबदारी घेतली आणि १९५६ मध्ये त्यासाठी कायदाही झाला.

महाराष्ट्रात ही पद्धत आपल्या तोंडात इतकी बसली की तिची टोपणनावं झाली. रामा, प्रजिमा, इजिमा, ग्रामा. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. जिल्हा परिषदा १९६२ मध्ये आल्या, पण त्यांच्या वाट्याचे रस्ते नागपूरच्याच मांडणीतले. किलोमीटरच्या दगडाचा रंगसुद्धा वर्ग सांगतो. डोक्यावर पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग.

मामाचा रस्ता या नकाशात का नाही, हे इथे उलगडतं. नागपूरच्या हिशोबाचं एकक होतं गाव. गावापर्यंत रस्ता पोचला की काम झालं. गावाच्या पोटातली वस्ती या हिशोबात दिसतच नाही. १९४३ मध्ये देशभराचा आराखडा करताना हे समजण्यासारखं आहे. पण एकक एकदा ठरलं की ते पिढ्यान्‌पिढ्या चालतं. २५ डिसेंबर २००० ला पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्यांदा वस्ती हे एकक मोठ्या प्रमाणावर धरलं गेलं. सपाट भागात ५०० लोकसंख्या, डोंगरी, आदिवासी आणि वाळवंटी भागात २५०. शिवाय रस्ता आधी 'कोअर नेटवर्क'च्या यादीत हवा. मामाच्या वस्तीवर सत्तरेक माणसं. म्हणजे इथेही बाहेरच.

स्टेशनांचं तेच

टोपोशीट बघताना रस्त्यापलीकडे एक काळी बारीक रेषा दिसली. बार्शी लाइट रेल्वे. माझी आजी तिला नुसतं "बारकी गाडी" म्हणायची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने काढलेली ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ मध्ये सुरू झाली, पंढरपूरला १९०६ मध्ये पोचली, लातूरला १९११ मध्ये आणि मिरजेला १९२७ मध्ये. टोपोशीटवर रेल्वेचे वर्ग रुळांच्या रुंदीवर: ब्रॉडगेजची खूण वेगळी आणि 'इतर गेज'ची वेगळी. बारकी गाडी या 'इतर'मध्ये. नकाशावरचा हा फरक कुर्डुवाडीच्या हमालाला खांद्यावर जाणवत असणार, कारण रूळ बदलले की पोती एका डब्यातून दुसऱ्या डब्यात घालावी लागत.

या कुर्डुवाडी जंक्शनचं जुनं नाव होतं बार्शी रोड. म्हणजे 'इथे उतरा, बार्शी अजून पस्तीसेक किलोमीटर आहे'. स्टेशनच्या नावातलं 'रोड' हे खरं तर एक वर्गीकरणच: गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथे आहे. नाशिक रोड तसंच. ही सवय इतकी चिवट की १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेवरही सावंतवाडी रोड, राजापूर रोड, संगमेश्वर रोड अशी नावं आहेत.

पण रेल्वेला स्वतःला या नावांवरून काम चालत नाही. तिचे वर्ग वेगळे, आणि गंमत म्हणजे एकाच स्टेशनला दोन-दोन. पहिला वर्ग गाडी चालवण्याचा. जिथे पुढे जायची परवानगी घेतल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवू शकत नाही ते ब्लॉक स्टेशन, आणि त्याचे ए, बी, सी असे प्रकार. दोन ब्लॉक स्टेशनांच्या मधे नुसतीच गाडी थांबते ते डी. प्रवाशाला हे दिसतही नाही. जर्मनीत हाच फरक रुळावर दिसतो. किमान एक सांधा असेल, म्हणजे गाडीला रूळ बदलता येत असेल, तरच ते बानहोफ. नाही तर नुसता थांबा, मग तिथे कितीही गर्दी असो.

दुसरा वर्ग कमाईचा. २०१७ पर्यंत ए-वन, ए, बी, सी, डी, ई, एफ अशी अक्षरं होती. वर्षाला ६० कोटींच्या वर तिकीट उत्पन्न असेल तर ए-वन, उपनगरी गाड्यांची स्टेशनं सी, आणि सगळ्यात खाली एफ म्हणजे हॉल्ट. तेव्हा एखादं स्टेशन सिग्नलवाल्यांच्या वहीत 'बी' आणि हिशोबवाल्यांच्या वहीत 'ई' असणं अगदी साधी गोष्ट होती. कोण विचारतंय त्यावर अक्षर ठरायचं.

हे नुसतं अक्षर नव्हे. फलाटावर शेड किती, पाण्याचे नळ किती, बाकडी किती, पादचारी पूल आहे की नाही, हे सगळं या वर्गाला बांधलेलं. त्यामुळे एक चक्र तयार होतं. गाड्या कमी थांबतात म्हणून उत्पन्न कमी, उत्पन्न कमी म्हणून वर्ग खालचा, वर्ग खालचा म्हणून सोयी कमी, आणि सोयी नाहीत म्हणून लोक एसटीने जातात. २०१७ मध्ये रेल्वेने पद्धत बदलली. बिगर-उपनगरी, उपनगरी आणि हॉल्ट असे तीन गट केले आणि उत्पन्नाबरोबर प्रवाशांची संख्याही धरली. साधा बदल, पण जिथे माणसं पुष्कळ आणि तिकीट स्वस्त, अशा स्टेशनांना त्याने न्याय मिळण्याची वाट तरी उघडली.

एका रात्रीत बदललेला वर्ग

वर्ग हा रस्त्याच्या अंगचा गुण नाही, याचा सगळ्यात मजेशीर पुरावा २०१७ चा. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. १ एप्रिल २०१७ पासून ती लागू होणार होती. हेतू अपघात कमी करण्याचा. त्याआधीच चंडीगड प्रशासनाने शहरातले राज्य महामार्ग 'प्रमुख जिल्हा मार्ग' करून टाकले. महाराष्ट्रातही शहरांतून जाणारे काही रस्ते पालिकांकडे देण्याच्या हालचाली झाल्या. डांबर तेच, खड्डे तेच, दुकानं तीच. कागदावर मात्र महामार्ग उरला नाही. पुढे शहरांच्या हद्दीत असं करायला हरकत नाही, असं न्यायालयानेही म्हटलं.

मराठी सरकारी भाषेने हे केव्हाच ओळखलंय. 'वर्ग' म्हणजे प्रकार, आणि 'वर्ग करणे' म्हणजे एकाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात देणे. "सदर रस्ता नगरपालिकेकडे वर्ग करण्यात येत आहे" हे वाक्य तुम्ही वाचलं असेलच. दोन अर्थ एकाच शब्दात आहेत, आणि माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण त्यांच्याभोवती फिरतं. रस्त्याचा वर्ग म्हणजे मुख्यतः त्याचा ताबा.

हे फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. आज कितीतरी ॲप्सच्या मागे ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी बनवलेला नकाशा असतो. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी तो ब्रिटनमध्ये सुरू केला, म्हणून त्यातले वर्गही ब्रिटिश: मोटरवे, ट्रंक, प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी, अनक्लासिफाइड. शेवटच्याचा अर्थ 'माहीत नाही' असा नव्हे. ज्याला ए किंवा बी क्रमांक नाही असा लहान रस्ता, तोही तिथे रीतसर एक वर्गच. आणि ही ए-बी पद्धत १९२० च्या दशकात का आली? पहिल्या वर्गाच्या रस्त्याला केंद्राकडून निम्मा खर्च मिळे आणि दुसऱ्या वर्गाला पाव. म्हणजे तिथेही मुळाशी प्रश्न तोच. भारतातल्या स्वयंसेवकांनी ढोबळमानाने राष्ट्रीय महामार्ग म्हणजे ट्रंक, राज्य महामार्ग म्हणजे प्रायमरी, प्रजिमा म्हणजे सेकंडरी असा मेळ घातला. नागपूरची यादी लंडनच्या यादीत अशी बसवली.

मामाचं काय झालं?

ओपनस्ट्रीटमॅपवर मामाची वाट मीच काढली, शेतातली कच्ची वाट म्हणून. दहा मिनिटांचं काम. मामाला फोनवर दाखवलं तर तो खूश झाला, मग म्हणाला, "आता नंबर मिळेल?" नाही मिळणार. या नकाशाकडे रेषा आहे, तिजोरी नाही.

कामाला आला तो सगळ्यात जुना नकाशा. गाव नकाशावरची ती एक तुटक रेषा. तिच्या आधारावर वाट अडवणाऱ्याविरुद्ध १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याने तहसीलदारांकडे दाद मागता येते. नकाशात रेषाच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. आणि क्रमांक हवा असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव करून जिल्हा परिषदेच्या रस्ते यादीत नाव चढवावं लागतं. शेतसाऱ्यासाठी काढलेली रेषा आज मामाच्या बाजूने उभी आहे, हे गोल्डस्मिडसाहेबाच्या स्वप्नातही नसेल.

मामाने नकाशाची नक्कल काढून नवा अर्ज केला आहे. ग्रामसभेत ठराव झाला. क्रमांक अजून आलेला नाही. सव्वाआठ फुटांत दुधाची गाडी कशीबशी जाते, पण समोरून बैलगाडी आली तर कुणातरी एकाला रानात उतरावंच लागतं. म्हणून मामाने अर्जात रुंदीचाही मुद्दा घातलाय. "पाव साखळीत भागत नाही," असं त्याने लिहिलंय. साखळीचा हिशोब त्याला मी शिकवला, एवढाच माझ्या पीएचडीचा आतापर्यंतचा उपयोग.

तुम्ही पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा शेवटच्या फाट्यावरचा दगड जरूर बघा. रामा, प्रजिमा, इजिमा, ग्रामा, काय लिहिलंय? आणि त्या फाट्यापासून तुमच्या घरापर्यंतच्या वाटेवर काही लिहिलंय का, तेही बघा. नसेल तर तलाठ्याकडे जाऊन गाव नकाशा एकदा उघडायला सांगा.